वाघाखालचं बाळ

माझ्या मुलाच्या बारशाला कुवेतहून वाघ आला. धाकटा दीर तिकडे ड्रायव्हर होता, त्याने पुतण्याला ब्लँकेट पाठवलं: जाडजूड, लालभडक, मधोमध जबडा वासलेला वाघ. तिकडच्या एसीच्या गारठ्यासाठी केलेली ती वस्तू पोलादपूरजवळच्या आमच्या घरात ऐन मे महिन्यात बाळाच्या अंगावर पडली.

सासूबाईंचं म्हणणं, येणाऱ्याला आधी वाघ दिसला पाहिजे. बाळ काय, नंतरही दिसेल. डोक्याला कानटोपी, डोकं गोल व्हावं म्हणून खाली राईची उशी, अंगाला घट्ट दुपटं आणि वरून वाघ. पोर घामाने निथळायचं. ‘अंग कसं तुकतुकतंय,’ बायका कौतुकाने म्हणायच्या. पालथं घातलं की रडत नाही, हा शोधही त्यांचाच.

या दरबारात थोरल्या जावेला मात्र मज्जाव. तिचं बाळ काही वर्षांपूर्वी झोपेतच गेलं होतं. ना ताप, ना खोकला. गावाने बसल्या बसल्या निकाल दिला, हिचाच पायगुण वाईट. तेव्हापासून तिने दुपटी धुवायची, माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळायचे आणि बाळाला दारातून बघायचं. मला त्या निकालाची चीड यायची. आणि भीतीही वाटायची, रोज, बाळ निजलं की.

बाळाच्या लसीच्या डोसासाठी महाडला जायचं होतं. सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून नाइलाजाने जावेला सोबत धाडलं.

“हे काय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“वाघ,” मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. वाघ, टोपी, उशी, सगळं बाजूला काढायला लावलं. “निजवताना उताणंच. गादी सपाट, टणक. तोंडाजवळ काही नको. बाळं झोपेत दगावतात, बाई.”

जाऊ पुढे झाली. “माझं तसंच गेलं. माझं काय चुकलं?”

“पुष्कळदा कारण सापडतच नाही. असं निजवलं तर धोका कमी होतो, पण हे तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं होतं का? तुमचा दोष नाही.”

“येवढं आमच्या घरी येऊन सांगाल काय?” जावेने विचारलं.

बाहेर रांग रस्त्यापर्यंत गेली होती. म्हणून घरी येऊन मीच सांगितलं, आवाज चढवूनच.

“त्या डाक्टरणीला पोरं किती?” सासूबाई कडाडल्या. “माझी सहा बाळंतपणं झाली हायत!”

“आणि तुमची सगळी जगली?” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या पदराचं टोक चाळवत बसल्या. मग म्हणाल्या, “पयला असाच गेला. निजला तो उठला नाय. मलापण लय बोलले तवा.”

हे आम्हा सुनांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या मांडीवरचं बाळ उचललं आणि दारात उभ्या असलेल्या जावेच्या हातात दिलं.

“घे गो. तूच निजव. उताणा.”

वाघ भिंतीवर गेला, खिळ्याला. पाहुण्यांची सोय झाली. बाळ मात्र निजवायचं राहिलंच. जावेने त्याला तिन्हीसांजेपर्यंत खाली ठेवलं नाही.