खंडेनवमीचं खोबरं

लहान मुलांचे जुने घडीचे चाकू मी जमवते. काल भंगारातून आणलेल्या एकाचं पातं, चमचा, करवत सगळं उघडलं आणि कुजक्या वासाने मला ओकारीच आली.

तसलाच चाकू सत्तरच्या दशकात सोलापुरात, नवी पेठेतून बाबांनी मला आणला होता. मी त्याने जिवंत सरड्याची शेपटी कापली आणि न धुता मिटून ठेवला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गिरणीत फिटर असलेल्या बाबांनी पान्या-पकडींशेजारी माझा चाकूही पुजला आणि त्यानेच प्रसादाचं खोबरं कापलं.

"लई धार हाय की तुज्या चाकूला!" म्हणत पहिला तुकडा मला दिला.

मी तो परकरात लपवला आणि घरच्यांना मिटक्या मारत खाताना गप्प बघत राहिले. त्या शहाणपणाची मला अजून शिसारी येते.