जिपारच्या रिकाम्या खोल्या

जिपार-एजेला, म्हणजे आमच्या जिपारताईला, मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शिव्या खाताना, आणि तेही माझ्याच क्लबात. किर्गिझस्तानातल्या इस्सिक-कूल सरोवराच्या काठावर, बंद पडलेल्या बंदराशेजारी माझा कॉम्प्युटर क्लब आहे. जुनी मशीन, तुटके हेडफोन आणि दिवसभर एकमेकांना गोळ्या घालणारी पोरं. त्यांच्यात ही चाळिशीची बाई येऊन बसायला लागली. गावातली निम्मी लग्नं तिच्याच कॅमेऱ्याने पाहिलेली. मग फोन आले, प्रत्येक नवरीचा चुलतभाऊ फोटोग्राफर झाला आणि एजेच्या स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोंपलीकडे काही उरलं नाही. तेही रशियाला कामाला निघालेल्यांचे. गाव सोडणाऱ्याचा शेवटचा चेहरा माझ्याकडे असतो, असं ती म्हणायची. तिचा नवराही त्यातलाच एक.

तर ही बाई लढाईच्या गेममध्ये शिरायची आणि लढायचीच नाही. कोपरा धरून दडून राहायची. तिच्या बाजूची पोरं मरता मरता ओरडायची, "एजे, एक तरी गोळी झाड की! बंदूक काय सरपण म्हणून घेतलीय?" तिचं उत्तर ठरलेलं होतं. "तुम्ही मरा लवकर. मला मोकळी जागा हवीय."

डाव उरकून पोरं उठली की तिचं काम सुरू व्हायचं. त्या खेळातल्या ओस इमारतींतून ती एकटी हिंडायची. पाणी नसलेला पोहण्याचा तलाव, बाकं उलटी ठेवलेली शाळा, दिवे चालू पण माणूस नाही असा जिना. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. ती मात्र एकेका दाराशी थांबायची, पाऊल मागे, पाऊल पुढे, खिडकीतला उजेड मनासारखा पडला की मग पडद्यावरचं ते दृश्य फोटोसारखं टिपून ठेवायची. एकदा मी वैतागून म्हटलं की बाहेर एवढं खरं ओसाड गाव पडलंय, त्याचे फोटो काढ. तर म्हणाली, गावात राहिलंय काय? मासळीचा कारखाना भंगारात गेला, विटासुद्धा लोकांनी गोठ्यांना लावल्या. आमच्या गोठ्यातही त्या आहेत.

वसंतातल्या नवरोजच्या सणाच्या सुमारास संस्कृतिभवनाच्या संचालकांना, थोरला भाऊ म्हणून आम्ही ज्यांना बाइके म्हणतो त्या शार्शेन-बाइकेंना, प्रदर्शनाची हुक्की आली. नाव ठेवलं 'आपलं गाव'. एजेचा स्टुडिओ भवनाच्याच तळमजल्यावर, त्यामुळे फोटो तिने द्यायचे हे त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. तिने आपल्या रिकाम्या खोल्या मोठ्या करून दिल्या. प्रत्येकीखाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'खेळातलं दृश्य'. पण फोटोखालची अक्षरं वाचायची आमच्याकडे रीत नाही, आणि संचालक झाला म्हणून माणूस वाचतोच असं नाही.

उद्घाटनाला शार्शेन-बाइके उंच टोपी घालून आले. पांढऱ्या फरश्यांच्या एका लांबलचक बोळाच्या फोटोपुढे थांबले आणि म्हणाले की हा आपला मासळी कारखाना, माझ्या आईने याच बोळातून आयुष्यभर ये-जा केली. म्हाताऱ्या बायका पुढे सरसावल्या. त्यांतल्या उपेल-आपाने, म्हणजे उपेलआजीने, कारखान्यात सबंध जन्म मासे डब्यात भरले होते. तिने फोटोतल्या एका खुंटीवर बोट ठेवलं. "इथे माझा एप्रन असायचा," ती म्हणाली, आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

तेव्हा जिपार-एजे मोठ्याने म्हणाली, "बाइके, तो कारखाना नाही. गेममधला बोळ आहे. खाली लिहिलंय."

मी हसलो. नको तिथे हसायची माझी खोडच आहे.

संचालकांचा चेहरा बीटासारखा लाल झाला. त्यांनी तिला सर्वांसमक्षच सुनावलं की उद्या भिंती मोकळ्या कर, नाहीतर फोटोंत माणसं घाल, घोडे घाल, गरुड घाल, कॉम्प्युटरवरच आहे ना सगळं? ऐकायचं नसेल तर स्टुडिओची किल्लीही आणून दे.

त्या खोलीशिवाय तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं, हे अख्खं गाव जाणून होतं. मला वाटलं, आता नमेल.

"घोडा घालणार नाही," ती म्हणाली. "माणसं गेली ती आपल्या डोळ्यांदेखत गेली. त्यांना मी डिंकाने चिकटवून परत आणणार नाही. खोली घ्यायची तर घ्या. रिकाम्या खोलीची भीती मला घालू नका."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्या घरोघरी कढई चढते. सात पोळ्या तळायच्या, म्हणजे तेलाचा वास मरून गेलेल्यांपर्यंत पोहोचतो, मग दुवा म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवायचे. संचालक शिडी आणि दोन माणसं घेऊन आले, तर दालनभर तळणाचा वास. त्या बोळाच्या फोटोपुढे जमिनीवर कापड अंथरून उपेल-आपा आणि तिच्या कारखान्यातल्या मैत्रिणी बसलेल्या, मध्ये सात गरम पोळ्या. जिपार-एजे भिंतीला टेकून उभी. किल्ली तिच्या मुठीत होती.

बहिऱ्याला समजवावं तसं संचालक म्हणाले, "आपा, हे खोटं आहे. खेळ आहे हा."

"काल ऐकलं. कान शाबूत आहेत माझे," उपेल-आपा म्हणाली. "खरा कारखाना भंगारात घातलात, तेव्हा मला कुणी विचारलं का, की बाई, आता तू तुझ्या गेलेल्या माणसांसाठी दुवा मागायला कुठे बसशील? आता जागा मिळालीय तर शिडी आणतोस? बस खाली. यात तुझ्या आईचीही पोळी आहे."

शार्शेन-बाइकेंनी शिडी बाजूला ठेवायला लावली. मग बसले. शिडीवालेही बसले. मीही बसलो, आणि या वेळी हसलो नाही.

दुवा झाली, पोळ्या वाटून खाल्ल्या. तेव्हा बायकांना हौस आली. रुमाल नीट करत त्या म्हणाल्या की जिपार, एवढे जमलोय तर आमचा एक फोटो काढ.

"काढते," ती म्हणाली. "तुम्ही उठून गेलात की."

तिने तसंच केलं. तो फोटो आज तिच्या स्टुडिओच्या खिडकीत आहे, आणि खोलीची किल्लीही तिच्याकडेच आहे. मागे रिकामा बोळ, पुढे चुरगळलेलं कापड, त्यावर पोळ्यांचे तुकडे. माणूस एकही नाही. खाली तिने लिहिलंय, 'आपलं गाव'. रशियाला निघालेला प्रत्येक जण पासपोर्टचा फोटो घ्यायला आत जाण्याआधी त्या खिडकीपाशी थांबतो, आणि ही अक्षरं मात्र वाचतो.