भोंग्याचं क्रियापद

त्याचं खरं नाव कोर्टाच्या हजेरीपटापुरतंच उरलं होतं. वकील, कारकून, आरोपी, आरोपींचे सासरे, सगळे त्याला भोंगा म्हणत. काम पुकाऱ्याचं. दालनाच्या दारात उभं राहायचं आणि ज्याचा खटला निघेल त्याच्या नावाने हाक मारायची. आवाज असा दणदणीत, की जिन्याखाली सिगरेट ओढत उभा असलेला साक्षीदार दचकून ती विझवायचा. एकदा तर भलत्याच खटल्यातला एक माणूस नुसत्या धसक्याने ‘हजर!’ म्हणत आत आला आणि त्याला परत बाहेर घालवताना न्यायाधीशांनाही हसू आवरेना.

पण भोंग्याची ओळख आवाजावरून करून घ्यायची तर ती अर्धीच होईल. त्याचा सगळा जीव बायकोत होता आणि सगळा संशयही तिच्यावरच. दोन्ही इतके एकमेकांत मिसळलेले, की त्याला स्वतःलाच कुठलं कुठं संपतं ते कळत नसे. चपलांच्या दुकानात विक्रेत्याने मापासाठी तिचा पाय हातात धरला, तेव्हा हा उठून म्हणाला, ‘‘आम्हाला चप्पल नको.’’ ती बिचारी जुनीच फरफटत घरी आली. दातांच्या डॉक्टरांबद्दल त्याचं म्हणणं, ‘‘एवढा वेळ बघत बसायला तोंडात आहे काय?’’ टीव्हीवर हवामान सांगणारा एक तरुण होता. ‘‘आज याचा शर्ट बरा आहे,’’ एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून त्या घराला उद्या ऊन की पाऊस हे कळायचं बंद झालं.

लोक हसत. तीही सुरुवातीला हसायची. कोणी आपल्यासाठी इतकं जळतंय यात बाईमाणसाला थोडं बरं वाटतं, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एक महिना भोंग्याच्या घरी राहून दाखवावं.

औषधांच्या दुकानातली गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ती तिथे गल्ल्याशेजारी उभी राहून औषधं काढून द्यायची. कुठली गोळी कुठल्या खणात हे तिला तोंडपाठ. काम तिला मनापासून आवडायचं. एके दिवशी भोंगा कोर्ट लवकर सुटलं म्हणून तिला घ्यायला गेला, तर आत ती आणि मालक दोघं पोट धरून हसत होते. भोंग्याच्या डोक्यात सणक गेली. दुकानाच्या दारात उभं राहून त्याने तिच्या नावाचा पुकारा केला, आरोपीचा करतात तसा. नाव, बापाचं नाव, आडनाव. रांगेतली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. समोरच्या केशकर्तनालयातून अर्धी दाढी झालेला माणूस बाहेर आला. तिने अंगातला पांढरा कोट काढला, घडी करून ठेवला, आणि त्याच संध्याकाळी ती दुसऱ्या गावी थोरल्या बहिणीकडे निघून गेली. ती नेमकी कशाला हसत होती हे भोंग्याने आजतागायत विचारलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले ते त्याच्या करपलेल्या भांड्यांना माहीत. शेवटी तो मेहुणीच्या दारात जाऊन उभा राहिला. मेहुणीने त्याला आत घेतलं नाही की पाणी विचारलं नाही. तिथेच उंबऱ्याबाहेरून त्याने बायकोची माफी मागितली आणि शब्द दिला, ‘‘यापुढे तुझ्यावर संशय घेणार नाही. एकदाही नाही.’’ तो हात हलवत परत आला. काही दिवसांनी मात्र ती आपण होऊन आली, पिशवी खाली ठेवली आणि चहाचं आधण टाकलं. भोंग्याने काही विचारलं नाही. आपला शब्द लागू पडला, असा निकाल त्याने मनातल्या मनात देऊन टाकला आणि कपबशी पुढे ओढली.

या शब्दापायीच तिने इंग्रजीच्या वर्गाला जायचं म्हटल्यावर त्याला ‘‘जा की’’ म्हणावं लागलं. डोळ्यांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर जागा होती आणि तिथे इंग्रजी बोलता यायला हवं होतं. वर्ग काचेच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, संध्याकाळचा. शिकवणारे सर होते. बाई असत्या तर ही गोष्टच घडली नसती.

पहिले काही दिवस भोंग्याने स्वतःवर ताबा ठेवला. म्हणजे तोंडावर ठेवला. पोटात जळफळाट चालूच होता. ती ‘‘सर म्हणाले’’ म्हणाली की त्याच्या हातातला घास हातातच राही. सर किती वर्षांचे? लग्न झालंय का? उंच आहेत का? यातलं काही विचारायचं नाही, कारण विचारणं म्हणजे संशय. मग तो आडून विचारायचा, ‘‘फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत हात पोचतो का गं त्यांचा?’’ ती म्हणायची, ‘‘पोचतो.’’ झालं. म्हणजे उंच. त्या रात्री भोंगा जेवला नाही.

आणि मग ते क्रियापद आलं. ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती आणि तोंडाने पुटपुटत होती, ‘‘आय रीकमिट. यू रीकमिट. वी रीकमिट.’’ भोंगा दाराआड थबकला. कमिट हा शब्द त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. अख्खी नोकरी हाच शब्द ऐकत गेली होती. चोरी कमिट केली, फसवणूक कमिट केली, खून कमिट केला. कोर्टात हा शब्द चांगल्या माणसाच्या नावापुढे कधी आलाच नव्हता. आणि ‘री’ म्हणजे पुन्हा, हे पेनाची रिफील बदलणाऱ्यालाही कळतं. आय म्हणजे ती. यू म्हणजे सर. ते ‘वी’ तर त्याला फारच झोंबलं. वी म्हणजे आम्ही. आम्ही म्हणजे कोण कोण?

दुसऱ्या दिवशी त्याने कोर्टातल्या टायपिस्ट बाईंना गाठलं. ‘‘बाई, रीकमिट म्हणजे काय हो?’’

बाईंची बोटं थांबली नाहीत. ‘‘गुन्हा करून सुटायचं आणि बाहेर येऊन परत तोच करायचा. तुमचा तो सायकलचोर नाही का, तसं.’’

भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे औषधवाल्याच्या वेळी आपण बरोबर होतो! तेव्हा कमिट, आता रीकमिट. त्या दिवशी त्याने पुकारलेली नावं इतकी केविलवाणी निघाली, की एका वकिलाने विचारलं, घरी सगळं ठीक ना.

वर्गाच्या संध्याकाळी तो तिच्यामागून निघाला आणि काचेच्या दुकानाशी थोडा वेळ रेंगाळला. तिथे भिंतभर आरसे लावलेले. प्रत्येक आरशात एकेक भोंगा, सगळे सारखेच कावलेले. मग तो जिना चढला, वर्ग सुरू व्हायच्या गडबडीत आत शिरला आणि एका आडव्या अंगाच्या ट्रकचालकामागे जाऊन बसला. बायको पुढच्या बाकावर होती. तिने मागे पाहिलं नाही. सर दिसायला खरोखरच चांगले होते, ही आणखी एक पंचाईत.

सरांची पद्धत अशी, की प्रत्येकाला आठवड्यापुरतं एक क्रियापद द्यायचं. त्याने ते घरी न्यायचं, वापरायचं आणि वर्गात उभं राहून त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. ट्रकचालकाचं झालं. मग सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती उठली. साडीचा पदर नीट केला. भोंग्याला तेही खटकलं.

‘‘सर, मला वाटतं आपल्याकडे याला एक शब्द नाही,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे बघा, आपण एकदा शब्द देतो. कोणाला, कशाला तरी. मग तो मध्ये मोडतो, नाहीतर नुसता सैल पडतो. आणि आपल्याला सगळं माहीत असतं, की हे असं आहे, हे बदलेल असंही नाही. तरी आपण तोच शब्द परत देतो. नवीन नाही, तोच. पहिल्यांदा देताना काही माहीत नसतं, म्हणून सोपं असतं.’’

सर म्हणाले, ‘‘आणि वाक्य?’’

‘‘आय रीकमिटेड टू माय मॅरेज.’’

‘‘सुंदर!’’ सर म्हणाले. ‘‘फार सुंदर!’’

आता भोंग्याच्या कानांत अर्थ वगैरे काही शिरलेलाच नव्हता. ती बोलत असताना तो सरांचे डोळे बघत होता. ‘सुंदर’ ऐकलं, ‘मॅरेज’ ऐकलं, आणि मधलं सगळं त्याने स्वतःच भरून घेतलं. तो उठला आणि कोर्टाच्या आवाजात ओरडला, ‘‘हा गुन्हा आहे!’’

खालच्या दुकानातल्या काचा थरथरल्या. ट्रकचालकाने डोक्यावर हात घेतले.

‘‘आपण कोण?’’ सरांनी विचारलं.

‘‘मी नवरा!’’

‘‘कोणाचा?’’

वर्गात हशा फुटला. भोंगा आणखी तापला. ‘‘मला शिकवू नका. मी कोर्टात आहे. कमिट म्हणजे गुन्हा करणे आणि रीकमिट म्हणजे तोच गुन्हा परत करणे. मी टायपिस्ट बाईंना विचारून आलोय!’’

सर त्या मानाने शांत होते. ‘‘तोही अर्थ निघतो,’’ ते म्हणाले, ‘‘पण इथे...’’

‘‘असू द्या सर,’’ बायको म्हणाली. ती अजून उभीच होती. तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर भोंग्याला सोपं गेलं असतं. ‘‘त्यांचा अर्थही बरोबर आहे. ते माझं क्रियापद नाही वापरत. त्यांचं वापरतात.’’

ती बसली. हसणं विझलं. भोंगाही बसला, कारण दारापर्यंत जायचं तर सगळ्यांसमोरून जावं लागलं असतं. वर्ग पुढे चालू झाला. कोणी तरी ‘उधार घेणे’ आणि ‘उधार देणे’ यांत घोटाळा केला, सरांनी तो सोडवला. भोंगा बाकाच्या लाकडाकडे बघत होता. त्याच्या कानांत आता तिचं बोलणं पहिल्यापासून येत होतं, एकेक शब्द. सगळं माहीत असतं. बदलेल असंही नाही. तोच परत देतो.

वर्ग सुटल्यावर जिन्यात तो तिच्या मागे मागे उतरला. ‘‘अगं,’’ तो म्हणाला. कोर्ट हलवणारा तो आवाज दोन पायऱ्यांपलीकडे पोचला नाही. ‘‘अगं, ते मॅरेज म्हणजे... आपलंच?’’

‘‘मग कोणाचं?’’ ती थांबली. ‘‘ताईकडून निघाले ना, त्या दिवशी गाडी आली आणि मी चढले नाही. बाकावर बसून राहिले. म्हटलं, हा माणूस शब्द देऊन गेलाय, पण हा तो पाळणार नाही. मला माहीत होतं अहो. दुसरी गाडी आली, तीही सोडली. मग तिसरीत चढले. तुम्हाला वाटलं, तुम्ही येऊन बोललात म्हणून आले. मला सांगायचं होतं की तसं नाही, मी माझी आले. पण नीट सांगता येईना. मग गेल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि मला रडूच आलं. इतकं चांगलं वाटलं, की आपण केलं त्याला कुठेतरी नाव आहे. ठरवलं होतं, आज वर्गात सांगून झालं की घरी जाऊन तुम्हालाही सांगायचं.’’

भोंग्याने कठडा धरला. खूप काही सुचलं आणि एकही चालेलसं वाटेना. माफ कर म्हणावं, तर ते मेहुणीच्या दारात म्हणून झालेलं. शब्द देतो म्हणावं, तर कुठल्या तोंडाने. पोटातली आग मात्र विझली होती आणि तिच्या जागी भीती बसली होती, निखळ भीती, की ही आता तिच्या ताईकडे जाईल आणि या वेळी कुठलीच गाडी परतीची पकडणार नाही.

‘‘मग आता,’’ तो शेवटी म्हणाला, ‘‘ते तुझं क्रियापद... परत एकदा नाही का वापरता येणार? आणखी एकदाच?’’

ती एक पायरी खाली उतरली.

‘‘नाही वापरता येत,’’ ती म्हणाली. ‘‘‘री’ एकदाच लागतं. त्याच्यावर दुसरं लागत नाही. मागच्याच आठवड्यात मी सरांना विचारून ठेवलंय.’’