आबांच्या टाकीतलं मीठ

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर निघालेली नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. देवापुढे बसले तरी जीभ तेवढ्यापुरती आखडायची. आज तुमच्यापाशी बोलतेय — का, ते मलाही ठाऊक नाही.

माझे सासरे, आबा. भुसावळला रेल्वेच्या दवाखान्यात कंपौंडर होते, निवृत्त होऊन जळगावात आले. इंग्रज गेले त्या साली भुसावळच्या दवाखान्यातला गोरा डॉक्टर विलायतेला परतताना आपली माशांची काचेची टाकी त्यांना देऊन गेला. तिच्यात मुंबईहून आणलेले सोनेरी मासे, आणि मेहरूणच्या तळ्यातला एक काळा मासा — लांब मिशांचा, अंगावर खवलं नसलेला. गल्लीतल्या बायका लेकरांच्या औषधाचं माप विचारायला आबांकडे यायच्या. तापाला किती, खोकल्याला किती. आबांनी सांगितलं की झालं, पुन्हा कुणाला विचारायचं नाही.

टाकीचं पाणी मात्र मी भरायचे. जळगावचा वैशाख कसा असतो, सांगायला नको. विहीर तळाला गेलेली. चटके सोसत हंडा आणायचा — आणि तो ओतायचा माशांना! चीड येणार नाही? रोज यायची. रोज गिळायची.

त्यातच धुळ्याला माझ्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. दोन वर्षांत माहेर पाहिलं नव्हतं. ट्रंक भरून ठेवली होती मी. आणि नेमके निघायच्या आदल्या दिवशी सोनेरी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले.

"आबांना जावंच लागेल, व्याह्यांचा मान आहे," हे म्हणाले. "मी डाळीच्या मिलमध्ये. तूही गेलीस तर माशांचं कोण करणार?"

माशांचं! मी वाट पाहिली, आबा काहीतरी बोलतील. ते टाकीकडेच बघत राहिले. ट्रंक मी मुकाट्यानं रिकामी केली.

निघताना त्यांनी मला समोर बसवून त्या ठिपक्यांवरचा मिठाचा उपाय सांगितला. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, जिवाभावाचं काही असलं की अहिराणीत बोलायचे. "साधं खडे मीठ ले, सूनबाई. लोणचाना बरणीतलं नको, तेन्हामा हळद ऱ्हास. हंडाले एकच चमचा. पहिले वाटीमा इरघळाव, मग थोडं थोडं सोड. मिशीवाला बादलीत काढी ठेव, तेले मीठ सोसावत नई. आनि पाणी आटनं तर नुसतं पाणीच टाक. मीठ उडी जात नई, टाकीमाच ऱ्हास."

किती समजावून सांगितलं होतं! आणि मला समजलंही होतं. सगळं.

इथवर सोपं आहे. पुढचं — थांबा, सरळच सांगते.

लग्नाच्या दिवशी, दिवस कलला तेव्हा मी हंडा घेऊन टाकीपाशी आले. तिकडे अंतरपाट धरला असेल, हा एकच विचार डोक्यात. मिठाची बरणी काढली. चमचा घेतला नाही, वाटी घेतली नाही. ओंजळ भरली आणि वरूनच टाकली. मग आणखी एक. मिशीवाल्याला बाहेर काढलं नाही. विसरले होते का? नाही. चांगलं आठवत होतं.

आधी काळा मासा उसळला. काचेवर आपटायला लागला, अंगावर पांढरट बुळबुळ आली. मग सोनेरी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. भरलेला हंडा माझ्या पायाशी होता. बादली होती. उचलून त्यांना गोड्या पाण्यात टाकायला कितीसा वेळ लागला असता? मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. बघत राहिले. आणि — हेच तर बोलायचं होतं — मला बरं वाटलं. दिवेलागणीपर्यंत सगळे उलटे झाले.

आबा परतले ते रुमालात लग्नाचे लाडू घेऊन. माझ्या आईनं माझ्यासाठी दिलेले. टाकीत वाकून पाहिलं. मग विचारलं, "किती मीठ टाकलं, सूनबाई?"

"तुम्ही सांगितलं तेवढंच, आबा. हंड्याला ओंजळ म्हणालात ना?"

"ओंजळ? मी असं सांगं?"

"हो. मी दोनदा विचारून घेतलं होतं."

हे 'दोनदा' मी कशाला जोडलं? कुणी मागितलं होतं? ते रागावले असते, ओरडले असते तर कदाचित खरं निघालं असतं तोंडातून. ते खाली बसले आणि म्हणाले, "मन्हंच चुकनं मग."

टाकी त्यांनी विकली. तेवढ्यावर थांबलं असतं तरी... नाही थांबलं. गल्लीतली एक बाई लेकराचं औषध विचारायला आली, तर तिला दारातूनच परत पाठवलं. "मासाले मीठ सांगता चुकनू. पोरंसले औषध कसं सांगू?" मी आत भाकऱ्या थापत होते. ऐकलं. थापत राहिले.

पुढे माझीच मुलगी तापानं फणफणली. "आबा, औषध काढून द्या," म्हटलं. त्यांनी बाटली काढली, माप हातात धरलं. बाटली परत फळीवर ठेवून म्हणाले, "डॉक्टरकडे घेऊन जा. माझ्याकडून नको." तेव्हा मी तोंड उघडलं होतं. पण हे शेजारीच उभे होते. मिटलं.

मुलगी बरी झाली. आबा नाही झाले.

राग कुणाकुणाचा केला मी! नवऱ्याचा, विहिरीचा, न बोललेल्या आबांचा. सगळे राग एकेक करून विझले. स्वतःवरचा तेवढा राहिलाय. त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. कुणी काही विचारलं — एकादशी कधी आहे, गावाकडच्या अमक्याच्या बापाचं नाव काय — तरी मान हलवायचे. "सूनबाईले इचारा. मन्हा भरोसा नई."

लोक माझ्याकडे वळायचे. आणि मी सांगायचे.