वैऱ्याच्या ओट्यावरची शेगडी

"सांगू नका, करी दाखाडा," म्हणत अक्का परक्या स्वयंपाकघरात खुशाल मांडी घालून बसायच्या. जळगावच्या फ्लॅटमधल्या बायका आधी हसायच्या आणि मग वांगी भाजून दाखवायच्या.

माझं धरणगावला वेल्डिंगचं दुकान. भरताची वांगी भाजायला शेजारच्या अक्कांनी माझ्याकडून झाकणाची शेगडी करून घेतली होती. कपाशीच्या काड्यांवर चालणारी, अंगणात ठेवायची. गावात ती खपली. जळगावचा एक व्यापारी 'शहरात विकतो' म्हणून नमुना घेऊन गेला आणि तीच शेगडी त्याने स्वतःच्या नावाने बाजारात आणली. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. अक्का म्हणाल्या, "नको. मी त्याना गिऱ्हाइकसकडे जासू."

सूड घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शत्रूच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी चवीने ऐकणारी बाई मी तरी एकच पाहिली. राख टाकायला जागा नाही, गॅलरीभर धूर होतो, वरच्या मजल्यावरचे भांडायला येतात. एकेका तक्रारीला अक्कांचा चेहरा खुलायचा. "बठ्ठा सांगा," त्या म्हणायच्या, एकही तक्रार सुटू द्यायच्या नाहीत. परतताना स्कूटरवर मागे बसून मोठ्याने हसायच्या. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? त्याचं वाटोळं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

त्याच तक्रारींवरून आम्ही आमची शेगडी लहान केली, खाली राखेचा खण दिला, काड्या बोटभर कापून वाळवल्या. धूर कमी झाला.

शेवटी एकच घर उरलं, त्या व्यापाऱ्याचं स्वतःचं. तो दुकानात असताना अक्का मला घेऊन थेट तिथे गेल्या. त्याची म्हातारी आई वांगं भाजायला बसली. गावात आम्ही झाकण काठीने उचलायचो; ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आजींनी पदराने उचललं. तळहातावर जुने-नवे डाग होते.

"रोज भाजस, माय," त्या तळहात दाखवत म्हणाल्या.

त्या दिवशी अक्का हसल्या नाहीत. माझ्या दुकानात शिरताच कडाडल्या, "चोरी पोऱ्यानी, हात मायना भाजना! झाकणले लाकडी मूठ बसाड."

मूठ लावलेली पहिली शेगडी त्यांनी आजींना भेट दिली. झाकणावर माझ्याकडून स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत वेल्डिंगने काढून घेतलं होतं. अट एकच घातली, "वट्टावर ठेवजो. येणार-जाणारले दिसाले पाहिजे."

अक्का गेल्या हिवाळ्यात गेल्या. आमची मुठीची शेगडी शहरात खपू लागली, तेव्हाच त्या व्यापाऱ्याने शेगड्या विकणं बंद केलं. वांग्यांच्या दिवसांत मी मुद्दाम त्या गल्लीतून जातो. ओट्यावर आजी मूठ धरून झाकण उचलतात. तो शेजारी ताट घेऊन बसलेला असतो. मी हॉर्न वाजवतो. तो मान वर करत नाही, भरत मात्र खातो.