दोन दारांच्या गाडीवर फिरवलेला हात

आमचे हे ही गोष्ट आता दापोडीभर सांगतात आणि दर वेळी ती थोडी वाढते. परवा तर म्हणाले, हिने फाटकातूनच बोट दाखवलं. फाटकातून काही दिसत नव्हतं. म्हणून जसं झालं तसं लेकीच्या जुन्या वहीत लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे वेळ लागतो.

लेक चाकणला मोटारींच्या कंपनीत आहे. गाडीतलं वायरिंग आणि कॉम्प्युटर बघते. तिला स्वतःच्या कमाईतून गाडी घ्यायची होती, आणि तीही साधी नाही. दोनच दारांची, बुटकी, परदेशात बनलेली. बनवणाऱ्यांनी ती कधीच बंद केली होती. आपल्याकडे तशी दुसरी तिने रस्त्यावर पाहिली नव्हती. कॉलेजात असल्यापासून तिच्या मोबाइलवर त्याच गाडीचा फोटो. निगडीला प्राधिकरणात एका बंगल्यातली तशी गाडी विकायची आहे असं कळलं, तेव्हापासून ती धड जेवत नव्हती.

"दोन दारं?" हे म्हणाले. "मागं कोण बसणार?"

"मागं छोटी सीट आहे, पप्पा."

"त्यात तुझ्या आत्याला बसवून दाखव. काढायला क्रेन लागंल."

"आत्यासाठी नाही घेत मी."

"मग कुणासाठी? एवढ्यात चार दारांची नवी कोरी येती. आणि उद्या ही ठोकलेली निघाली तर? मी काही बोलणार नाही, पण अख्खी दापोडी बोलंल. चाकणची इंजिनियर आणि भंगार घेऊन आली."

लेक तिथून उठली. स्वयंपाकघरात आली आणि मला म्हणाली, "आई, रविवारी तू चल."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"इंजिन मी बघितलंय. लॅपटॉप लावून सगळं तपासलंय. पत्रा मला नाही कळत. तुला कळतो."

मी बावीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये कामाला होते. गाड्यांची दारं, बोनेटं असे पत्रे रंगाच्या आधी आमच्याकडे यायचे. आम्ही बायका ते ओल्या पॉलिश पेपरने घासायचो. घासून झालं की डोळे मिटून तळहात फिरवायचा. डोळ्याला चकाकी फसवते. हाताला फसवत नाही. कुठे उंचवटा लागला, कुठे खड्डा लागला, की तिथे खडूने गोल काढायचा. मी कुणाशी फार बोलायचे नाही. सुपरवायझर म्हणायचे, हिचं तोंड हिच्या हातात आहे. पण घर सोडून बाहेर मी हे काम कधी कुणाला सांगितलं नाही. लेकीच्या शाळेत पालकांच्या मीटिंगला मी शेवटच्या बाकावर बसायचे, आणि कुणी विचारलंच तर "कंपनीत आहे" एवढंच म्हणायचे.

रविवारी सकाळी बसने निगडीला गेलो. गाडीचे मालक साठीच्या पुढचे, हाफ पँटवर, बोलायला गोड. गाडी गडद निळी, नुकतीच धुतलेली. दुपारी मुंबईहून आणखी एक गिऱ्हाईक येणार आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मला म्हणाले, "ताई, तुम्ही सावलीत बसा," आणि स्वतः खुर्ची आणून ठेवली. मी बसले.

लेक स्टेअरिंगवर बसली. दोन्ही हात त्यावर ठेवून ती नुसती समोर बघत होती. दहावीचा निकाल लागला तेव्हा तिचं तोंड असं झालं होतं. मी मनात म्हटलं, गाडी चांगली निघू दे, मला काही बोलायची वेळ येऊ नये.

मग उठले. बोनेटपासून सुरुवात केली. तळहात सपाट आणि तिरका, सावकाश.

"काय ताई, कणीक मळताय का?" मालक हसले. "गाडी आहे ती."

माझे कान तापले. मी परत खुर्चीवर जाऊन बसलेच असते, पण लेक गाडीतून उतरली.

"काका, ती बघतीये. बघू द्या तिला."

बोनेट चांगलं होतं. उजवं दार, टप, तेही चांगलं. डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या वर हात अडला. दिसायला काही फरक नव्हता, रंगही तोच. मी उलट्या दिशेने पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच. दोन कागद एकावर एक ठेवावेत एवढाच उंचवटा, दीड वीतभर पसरलेला.

शेडमध्ये असते तर खडू घेतला असता. तिथे कधी खडू सापडला नाही तर आम्ही बायका कपाळाची टिकली काढून त्या जागेवर लावायचो. सुपरवायझर ओरडायचे, पत्र्यांचं हळदीकुंकू करताय का. त्या सवयीने माझा हात आपोआप कपाळाला गेला. भानावर आले तेव्हा त्या निळ्या गाडीवर माझी लाल टिकली होती आणि मालक तिच्याकडे बघत होते.

"अहो, हे काय करताय?"

मी हात मागे घेतला. लेकीने टिकली बघितली. शेडमधल्या गोष्टी ऐकतच ती मोठी झाली आहे, तिला सांगावं लागलं नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. वाटलं, टिकली उचलावी आणि चुकून लागली म्हणावं.

"काका, इथं काम झालंय," ती म्हणाली.

"शक्यच नाही. सात वर्षं माझ्याकडे आहे, साधा ओरखडा नाही. आधी पाच जण बघून गेले, त्यातले दोन गॅरेजवाले होते."

लेक माझ्याकडे वळली. "आई?"

"पुट्टी आहे," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांग."

"पुट्टी आहे. चुंबक आणा, ते पत्र्याला चिकटतं, पुट्टीला नाही."

मालक तणतणत आत गेले आणि फ्रिजवरचं चुंबक घेऊन आले. प्लॅस्टिकचा आंबा होता त्यावर. दारावर लावला, टक्कन चिकटला. टिकलीपाशी लावला, घसरून खाली पडला. त्यांनी तीनदा लावला आणि तीनदा वाकून उचलला. मग माझ्यासाठी आणलेल्या खुर्चीवर तेच बसले.

"मी घेतली तेव्हाच असणार हे," ते म्हणाले. "मलाच फसवलंय की कुणीतरी." मला ते खरं वाटलं. लबाड माणसाने स्वतःच्या घरातलं चुंबक आणून दिलं नसतं.

लेक मला थोडं बाजूला घेऊन गेली. "आई, आता तूच सांग. घेऊ का नको? तू म्हणशील तसं."

आमच्या घरात काय घ्यायचं, काय नाही ते आमचे हे ठरवतात, मी ऐकते. असं मला कुणी विचारलं नव्हतं. नको म्हणणं सोपं होतं. ठोकलेली गाडी घेतली म्हणून दापोडीत हसं झालं असतं, ते टळलं असतं. पण लेकीला आयुष्यभर वाटत राहिलं असतं की हातची गेली. आणि शेडमध्ये आम्हाला एक शिकवलं होतं. वरून खराब दिसला म्हणून पत्रा फेकायचा नाही. आतली बाजू बघायची, मग बोलायचं.

"डिकी उघड," मी म्हणाले. "आतलं कार्पेट उचल."

मी पदर खोचून आत वाकले. पत्र्याला पत्रा जोडतात तिथे कारखान्यातल्या मशीनचे गोल ठिपके असतात, टाचून शिवल्यासारखे. गाडी जोरात ठोकली गेली की ती ओळ तुटते, आणि गॅरेजवाले तिथे पुन्हा वेल्डिंग करतात. ते ओबडधोबड असतं, लपत नाही. इथे ओळ सरळ होती. मी एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेले. एकही ठिपका हललेला नव्हता. पाणी शिरू नये म्हणून जोडावर भरलेला मसालासुद्धा मूळचा, दगडासारखा घट्ट.

मग बाहेरच्या जागेवर पुन्हा एकदा हात फिरवला. पुट्टी कडेला ओढून ओढून इतकी पातळ केली होती की ती कुठे संपते ते मलाही नीट सांगता येईना. घाईत कुणी असं काम करत नाही.

मी दोघांच्या समोर येऊन उभी राहिले आणि सांगितलं. "बाहेरचा पत्रा दबला होता, तो वर ओढून पुट्टी भरलीये. आतला सांगाडा कंपनीतून आला तसाच आहे. काम करणाऱ्याने चांगलं केलंय. ठोकलेली आहे हे धरून किंमत ठरवायची, आणि दर पावसाळ्यानंतर ही जागा बघायची, फुगली तर लगेच उघडायची. गाडी घे तू."

परक्या माणसासमोर एवढं मी कधीच बोलले नव्हते.

"ताई, तुम्ही कुठल्या कंपनीत होता?" मालकांनी विचारलं.

"भोसरीला, शेडमध्ये. पत्रे घासायला. बावीस वर्षं."

ते उठून उभे राहिले. किंमत त्यांनी आपणहून कमी केली. लेकीने तरी आणखी थोडी कमी करून घेतली, त्यात ती बापावर गेली आहे. मुंबईच्या गिऱ्हाइकाला त्यांनी आमच्यासमोरच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. टिकली मात्र नखाने अलगद काढून माझ्या हातावर ठेवली.

कागदपत्रं व्हायला काही दिवस गेले. गाडी आमच्या गल्लीत आली तेव्हा गल्ली भरून माणसं जमली. हे हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"ठोकलेली आहे ना?" सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं.

"आहे," लेक म्हणाली. "पाच जणांना कळलं नाही, आईला कळलं. आणि घ्यायची तेही आईनेच ठरवलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दाराआड होते, तिथून बाहेर आले. ह्यांनी गाडीच्या डाव्या बाजूवर इकडून तिकडे हात फिरवला. शेजारच्या दोघांनी फिरवला.

"कुठंय गं?"

मी ह्यांचं मनगट धरलं आणि तळहात त्या जागेवर ठेवला. चारचौघांत मी त्यांचा हात कधी धरला नव्हता.

"कळलं?"

"न्हाई."

"डोळे मिटा. सावकाश फिरवा."

त्यांनी खरंच डोळे मिटले. गल्लीतली पोरं खिदळायला लागली.

"न्हाई कळत," ते म्हणाले.

"नाही कळायचं तुम्हाला," मी म्हणाले. गल्लीत सगळे हसले, हेही हसले. मनगट मात्र मी तसंच धरून ठेवलं होतं.