पुढच्या नळीवरची खाच

१. गेल्या रविवारी पाटणहून टेम्पोतून एक ब्रिटिश मोटरसायकल आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये आली. एकोणीसशे चाळीसच्या दशकातली.
२. फ्रेम युद्धकाळातली निघाली, इंजिन युद्धानंतरच्या पिढीचं.
३. इंजिन उतरवताच फ्रेमची पुढची नळी खालच्या टोकाशी वेगळी झाली. ती आधीच तुटलेली होती, इंजिनाने फक्त जागेवर धरून ठेवली होती.
४. या गाडीवरून पडून एक माणूस गेला होता. मी इंजिन उतरवत असताना त्याची मुलगी माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती.

गाडी आणली ती पाटणच्या विलासकाकांनी. त्यांना ती रंगवून साताऱ्याच्या रॅलीत न्यायची होती. स्टुलावरच्या सुलाआजी म्हणजे त्यांची चुलत बहीण, साताऱ्यात राहतात... वय ऐंशीच्या आसपास.

काका त्यांना सारखे म्हणत होते, "आक्का, कशाला आलीस एवढ्या लांब? लोखंड बगायला?"

"माझा बाप ह्याच लोखंडावनं पडला न्हवं? मग बगू दे की."

सुलाआजींचे वडील राजाराम, काकांचे वडील शंकर, ज्यांना काका आबा म्हणतात. सख्खे भाऊ. लष्कराच्या लिलावातली ही गाडी राजाराम चालवायचे, आणि सैन्यात मोटर मेकॅनिक असलेले शंकर ती दुरुस्त करायचे. युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. पाटणच्या अलीकडच्या उतारावर राजाराम पडले आणि जागीच गेले. दारू पिऊन चालवत होता, असं गाव म्हणालं... सुलाआजींना पुढे शाळेत, आणि सासरीही, तेच ऐकावं लागलं.

आता फ्रेमबद्दल. युद्धकाळातली ही फ्रेम खालून उघडी असते. पुढची नळी इंजिनापाशी संपते, मागच्या नळ्या इंजिनाच्या मागून सुरू होतात. मधली जागा इंजिनच भरून काढतं, म्हणजे इंजिन हा फ्रेमचाच एक भाग.

तिचं मूळ साइड-व्हॉल्व्ह इंजिन, म्हणजे झडपा बाजूला असलेलं, बुटकं आणि शांत. युद्धानंतरचं ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन, झडपा डोक्यावर असलेलं, उंच, त्याचा जोर आणि कंप दोन्ही जास्त. म्हणून कंपनीने त्याच्यासाठी फ्रेमही बदलली. नळी जाड झाली, आणि इंजिनाचं डोकं वरच्या नळीला एका पट्टीने बांधलं गेलं. या गाडीत ती पट्टी नव्हती. या फ्रेमवर ती लावायला जागाच नाही... सगळा कंप पुढच्या नळीच्या खालच्या टोकावर येत होता.

तुटलेल्या जागेवर गळलेलं तेल आणि माती थापून कडक झाली होती, त्यामुळे आत गंज फारसा शिरला नव्हता. साफ करून भिंगाखाली धरलं. बऱ्याचशा भागावर शिंपल्यावर असतात तशा वळ्या होत्या. एका दणक्यात तुटलेल्या धातूवर त्या नसतात. चीर रोज थोडी थोडी वाढत गेली की उमटतात. शेवटी एकदम तुटलेला खडबडीत भाग अगदी लहान होता, म्हणजे तोवर नळी जवळजवळ सगळी चिरत आली होती.

मी हे सांगितलं. सुलाआजी स्टुलावरून नळीकडे वाकल्या.

"म्हंजे त्यो पडला म्हनून मोडली न्हाई... मोडली म्हनून पडला?"

"हो."

"आनि दारू?"

"दारूचं मला यावरून सांगता येणार नाही."

"ऱ्हाऊ दे. तेवडं मी बगती," त्या म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसू लागल्या. चष्मा स्वच्छच होता.

मग विलासकाका बोलले. "आक्का, हे इंजन माझ्या आबानं चढवल्यालं."

"ठावं हाय मला. तुझा आबा मला खांद्यावर घिऊन जत्रा दावायचा. त्यो काय भावाला इख घालनार हाय व्हय? गप बस."

काका गप्प बसले नाहीत. मला बाहेर बोलावून त्यांनी विचारलं, "म्याडम, आबा मरंपतोर ह्या गाडीला कुनाला हात लावू देत न्हवता. इकूबी दिली न्हाई. त्याला कळलं असंल का वं?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ते खरं होतं.

पण एक गोष्ट मी त्यांना दाखवली. चीर जिथून सुरू झाली, तिथे नळीच्या इंजिनाकडच्या बाजूला एक आडवी खाच आहे. नवं इंजिन बसेना म्हणून कानशीने घासून जागा केली असेल, तर ती शंकररावांनी केलेली. पण ती कारखान्यातूनच तशी आली असेल, तर शंकररावांना त्यात धोका दिसण्याचं कारण नव्हतं. एका फ्रेमवरून मला हे ठरवता येत नाही.

वेल्डिंग करू नका, रॅली राहू दे, असं काका स्वतःच म्हणाले. "आबाचं असंल तर आबाचं म्हना. पर खरं काय त्ये काडा."

येत्या शनिवारी पाटणला काकांच्या घरी म्हाळ, म्हणजे पितरांचं जेवण आहे. सगळी भावकी जेवायला येते. राजारामचं नाव निघालं की तिथे अजूनही कुणीतरी हसतं, असं सुलाआजी म्हणाल्या. मी यावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, असं दोघांचंही म्हणणं आहे. वळ्यांबद्दल मी नक्की सांगेन. खाचेबद्दल अंदाजाने बोलणार नाही... शंकरराव उत्तर द्यायला नाहीत, आणि त्यांचा मुलगा समोर बसलेला असेल.

म्हणून विनंती. तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे युद्धकाळातली, साइड-व्हॉल्व्ह इंजिनाची, न बदललेली उघडी फ्रेम असेल, तर पुढच्या नळीच्या खालच्या टोकाचा, इंजिनाकडच्या बाजूने काढलेला फोटो पाठवा. शेजारी मोजपट्टी ठेवा. खाच नसेल तरीही पाठवा, मला दोन्ही उत्तरं सारखीच हवी आहेत. गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा.